मांडवीकाठचा आदिलशाही वाडा

सातवीच्या वर्गाला इतिहास शिकवताना ‘आदिलशाही’ हा शब्द आला की आमच्या वर्गात बारीकशी हालचाल होते. शाळा उर्दू माध्यमाची, पुस्तक मात्र बालभारतीचेच. मजकूर तोच, लिपी तेवढी वेगळी. मुले आधी एकमेकांकडे पाहतात, मग आमच्या तोंडाकडे. आदिलशाही म्हणजे अफझलखान आणि अफझलखान म्हणजे प्रतापगड, एवढे समीकरण त्यांच्या डोक्यात पक्के असते. पुढे सर काय बोलतात आणि कोणत्या सुरात बोलतात, याकडे त्यांचे कान असतात. त्याच दरबारात शहाजीराजे मोठे सरदार होते, तिथल्या महसुलाचे हिशेब मराठीत लिहिले जात, दुसऱ्या इब्राहिम आदिलशहाने ‘किताब-ए-नौरस’ हा गाण्यांचा ग्रंथ दखनीत रचला, हे सांगायला घ्यावे तर घंटा होते. चाळीस मिनिटांच्या तासात दोनशे वर्षांचे राज्य कसे मावणार?

या आदिलशाहीची एक इमारत महाराष्ट्राच्या हद्दीला लागून, गोव्यात, पणजी शहराच्या ऐन मध्यावर उभी आहे आणि तिच्यात आज चित्रे, छायाचित्रे, मांडणशिल्पे यांची प्रदर्शने भरतात, हे आम्हाला वयाच्या तिशीपर्यंत ठाऊक नव्हते. बी.एड. झाले, इतिहास हा अध्यापनाचा विषय होता, तरी ठाऊक नव्हते. हा दोष आमचा आम्ही कबूल करतो.

काही वर्षांपूर्वी डिसेंबरच्या सुटीत आम्ही तिघे-चौघे सहकारी आपापल्या कुटुंबांसह गोव्याला गेलो. सावनेरहून नागपूर, तिथून रेल्वेने मडगाव, असा लांबचा पल्ला. पणजीत मांडवी नदीच्या काठाने चालताना रस्त्याला समांतर अशी एक लांबच लांब दुमजली इमारत लागली. उतरते कौलारू छप्पर, ओळीने लाकडी खिडक्या, मधोमध पुढे आलेला व्हरांडा. आम्ही ती एखाद्या पोर्तुगीज साहेबाची कोठी समजून पुढे निघालो होतो. सोबतच्या भाच्याने पाटी वाचली आणि ओरडला, ‘मामू, आदिलशहा!’ पाठोपाठ त्याने विचारले, ‘मग हा वाडा आपला आहे का?’

नऊ वर्षांचे पोर ते. ‘हो’ म्हणून मोकळे होता आले असते. पण मास्तरकी आड आली. ‘आत जाऊन पाहू, मग सांगतो,’ असे म्हणालो. सेरेंडिपिटी आर्ट्स फेस्टिव्हल नावाचा कलामहोत्सव चालू होता. तिकीट नव्हते, नाव नोंदवले आणि आत गेलो.

या वाड्याची कथा विजापूरपासून सुरू करावी लागते. बहमनी राज्य मोडकळीस आले तेव्हा, १४९० च्या सुमारास, युसूफ आदिल खान हा सरदार विजापूरला स्वतंत्र झाला. तो परदेशातून आलेला. इराणातील सावा या शहरात त्याचे बालपण गेले म्हणून लोक त्याला ‘सावाई’ म्हणत. पोर्तुगीजांच्या जिभेवर त्याचे ‘सबायो’ झाले. (हे पुढे वर्गात सांगितले तेव्हा एक मुलगा उठून म्हणाला, ‘सर, मग आपण सावनेरवालेही सावाई!’ वर्ग हसला, आम्हीही हसलो.) युसूफची बेगम मराठा होती. मुकुंदराव नावाच्या मराठा सरदाराची ही बहीण. फरिश्त्याने आपल्या तवारिखेत तिचा वृत्तांत दिला आहे. युसूफनंतर तख्तावर आलेला इस्माईल हा तिच्याच पोटचा. म्हणजे आदिलशाहीच्या दुसऱ्याच पिढीची आई या मातीतली होती. वाचकहो, हे आम्ही बढाईसाठी सांगत नाही. पाठ्यपुस्तकातल्या दोन ओळींत जे बसत नाही, ते कुठेतरी नोंदवावे म्हणून सांगतो.

गोवे हे त्या राज्याचे समृद्ध बंदर. अरबस्तान आणि इराणातून घोडे इथे उतरत आणि दख्खनच्या फौजांना मिळत. शहर नदीच्या आत, आज ज्याला जुने गोवे म्हणतात तिथे. युसूफचा मुख्य वाडाही तिथेच. पणजी तेव्हा शहर नव्हते, खाजणे आणि कोळ्यांची वस्ती होती. तिथे, नदी समुद्राला मिळायच्या अलीकडे, १५०० च्या आसपास त्याने हा दुसरा वाडा बांधला. उन्हाळ्यात वाऱ्याला येऊन राहायचे आणि समुद्राकडून येणाऱ्या गलबतांवर नजरही ठेवायची, असा दुहेरी बेत. भोवती खाऱ्या पाण्याचा खंदक होता आणि पंचावन्न तोफा होत्या असे सांगतात. अर्धा बागेतला बंगला, अर्धी गढी. आपल्याकडचे वाडे तरी कुठे वेगळे असत?

बांधून दहा वर्षे होतात न होतात तोच वाड्यावर संकट आले. १५१० च्या आरंभी अफोन्सो द अल्बुकर्क आपली गलबते घेऊन मांडवीत शिरला. होन्नावरचा तिमय्या त्याच्या मदतीला होता. अल्बुकर्कचा पुतण्या आंतोनियो द नोरोन्या याने पणजीची ही गढी घेतली आणि मागोमाग शहरही पडले. मे महिन्यात आदिलशाही फौज परत आली आणि पोर्तुगीजांना शहर सोडून गलबतांत चढावे लागले. पण तोवर पावसाळा लागला होता. नदीच्या तोंडाशी वाळूचा बांध आणि उसळलेला समुद्र, त्यामुळे बाहेर पडता येईना. आणि आत काठावर आदिलशाही तोफा. जूनपासून ऑगस्टच्या मध्यापर्यंत ती गलबते नदीत अडकून पडली. पणजीच्या गढीतून गोळे येत. गलबतांवर अन्न संपले, उंदीर खाण्याची पाळी आली. एका पहाटे त्यांनी निकराने याच वाड्यावर छापा घालून काही तोफा उचलून नेल्या. याच पावसाळी कोंडीत झालेल्या जखमांनी नोरोन्या दगावला.

आम्ही वाड्याच्या वरच्या मजल्यावरच्या खिडकीतून नदीकडे पाहत होतो तेव्हा हे सर्व डोळ्यांपुढे आले. खाली कॅसिनोच्या रोषणाईच्या बोटी नांगरलेल्या. ज्या पाण्यात चारशे-पाचशे वर्षांपूर्वी माणसे उपाशी बसली होती, त्याच पाण्यात आता रात्रभर जेवणावळी.

१५१० मध्येच युसूफचे निधन झाले. इस्माईल लहान, कारभार कमालखानाच्या हाती, विजापुरात गोंधळ. अल्बुकर्क मोठा तांडा जमवून परतला आणि २५ नोव्हेंबर १५१० रोजी त्याने शहर कायमचे घेतले. त्यानंतर शहरातील मुसलमानांची जी कत्तल झाली, तिची कबुली त्यानेच आपल्या राजाला पाठवलेल्या पत्रात दिली आहे. मृतांचा आकडा सहा हजारांच्या घरात सांगितला आहे. चार दिवस हे चालले. बायका-मुले सुटली नाहीत.

इथे थांबावेसे वाटते. हा मजकूर मुलांना कसा सांगावा? न सांगणे हा खोटेपणा. आवाज चढवून सांगावा तर समोर बसलेली बारा वर्षांची पोरे तो राग घेऊन घरी जातात, आणि तो राग मोहल्ल्यात कुणावर निघेल याचा भरवसा नाही. आम्ही आकडा सांगतो, तारीख सांगतो, पत्र कुणी लिहिले ते सांगतो आणि पुढे जातो. हेच आम्ही मुस्लिम राजांनी केलेल्या कत्तलींबाबतही करतो. एका पालकांनी एकदा विचारले होते, ‘सर, दोन्ही एकाच आवाजात कसे सांगता?’ आमच्याजवळ फार मोठे उत्तर नव्हते. आवाज एकच आहे, जनाब, एवढे म्हणालो.

विजापूरकरांनी गोव्याची आशा लगेच सोडली नाही. पहिल्या अली आदिलशहाने १५७० ते ७१ मध्ये दहा महिने वेढा दिला, तो निष्फळ ठरला. पुढे १६८३ साली संभाजीराजांनी पोर्तुगीजांना असेच जेरीस आणले. त्या संभाजीराजांवर ‘राजसंन्यास’ लिहिता लिहिता राम गणेश गडकरी थांबले, आणि थांबले ते आमच्या सावनेरात. २३ जानेवारी १९१९ रोजी इथेच त्यांचा अंत झाला. नाटक अपुरेच राहिले. गोव्याच्या वाड्यावरून आमच्या गावात येऊन पोहोचलो, पण ही ओढ सावनेरकराला आवरत नाही.

तर, दोन वाडे. एक शहरातला, एक शहराबाहेरचा. त्यांचे नशीब किती निराळे झाले पाहा.

दुसऱ्या दिवशी आम्ही जुन्या गोव्याला गेलो. चर्चच्या गर्दीतून थोडे बाजूला सेंट काजेतान चर्चच्या आवारात काळ्या दगडाची एक चौकट उभी आहे. दोन खांब, वर आडवा दगड, बाजूला कोरीव जाळीचे तुकडे. मागे काही नाही, गवत आणि आकाश. हा आदिलशहाच्या वाड्याचा दरवाजा. कोरीवकाम देवळाच्या धाटणीचे आहे. कारागीर इथलेच, त्यांचा हात वळणार तो इथल्याच वळणाने. काही दगड जुन्या देवळाचेही असतील. या वाड्यात १५५४ ते १६९५ पोर्तुगीज गव्हर्नर आणि व्हाइसरॉय राहिले. मग साथी आल्या, शहर ओस पडू लागले, व्हाइसरॉय निघून गेले. रिकामा वाडा ढासळत गेला आणि १८२० मध्ये पाडला गेला. जवळच सबायोचा म्हणून आणखी एक वाडा होता. तो १५६० पासून इन्क्विझिशनच्या ताब्यात गेला. धर्मावरून माणसांची चौकशी आणि छळ करणारे ते न्यायालय १८१२ मध्ये कायमचे बंद झाले. त्या इमारतीचाही आज मागमूस नाही.

पणजीचा वाडा मात्र वाचला. का वाचला? आमचे मत असे की, तो कधी रिकामा पडला नाही म्हणून. लिस्बनहून आलेला नवा व्हाइसरॉय शहरात समारंभाने प्रवेश करण्याआधी इथे उतरे. १६१५ मध्ये तो नव्याने बांधून काढला. १७५९ मध्ये व्हाइसरॉय कौंट ऑफ एगा इथे राहायलाच आला आणि वाडा सत्तेचे घर झाला. १८४३ साली पणजी अधिकृत राजधानी बनली. भिंतीवर व्हाइसरॉयांच्या तसबिरी ओळीने लागल्या (त्या आता जुन्या गोव्याच्या पुरातत्त्व संग्रहालयात आहेत). १९१८ मध्ये गव्हर्नर काबोच्या राजवाड्यात राहायला गेले तरी कचेऱ्या इथेच राहिल्या. प्रत्येक नव्या धन्याने काही पाडले, काही वाढवले. खंदक बुजला, तोफा गेल्या, जिने बदलले, छप्पर बदलले.

म्हणून खरे सांगायचे तर युसूफच्या हातचे तिथे काय उरले आहे, हे नजरेला दिसत नाही. कमान नाही, घुमट नाही, फारसी शिलालेख नाही. विजापूरचा गोलघुमट किंवा फोंड्याची साफा मशीद पाहून आलेला माणूस या वाड्यापुढे उभा राहिला तर त्याला आदिलशाहीची एकही खूण सापडणार नाही. फोंड्याची ती मशीद १५६० च्या सुमाराची, जांभ्या दगडाची, शेजारी पायऱ्यांचा तलाव, आणि आजही तिथे नमाज होते. तिथे आदिलशाही डोळ्यांना दिसते. पणजीत ती फक्त नावात आहे.

पण नाव तरी कसे टिकले? पोर्तुगीज त्याला ‘इदालकाँवचा राजवाडा’ म्हणत. इदालकाँव म्हणजे आदिल खान. ज्याच्याकडून घेतला त्याचेच नाव त्यांनी साडेचारशे वर्षे वाड्याला राहू दिले. व्हाइसरॉय आपल्या राजाला पत्र धाडत तेव्हा ते इदालकाँवच्या वाड्यातून जाई. यात त्यांचा मोठेपणा होता की जिंकल्याची शेखी, की नुसती सवय? आम्हाला वाटते सवय. लोकांच्या तोंडची नावे फर्मानापेक्षा चिवट असतात. गंमत पाहा, युसूफच्या काळी ‘शाह’ ही पदवी नव्हती, तो ‘खान’च होता, हे मूळ रूप पोर्तुगीज भाषेने जपले आणि आपण मात्र त्याला मागाहून ‘शहा’ करून टाकले.

१९ डिसेंबर १९६१ रोजी गोवा मुक्त झाला. वाड्याच्या दर्शनी भागावरचे पोर्तुगीज राजचिन्ह गेले, तिथे अशोकचक्र आले. आणि मग या वाड्याचा जो काळ सुरू झाला तो मराठी वाचकाने विशेष लक्षात ठेवावा असा आहे. इथे सचिवालय बसले आणि ९ जानेवारी १९६४ रोजी गोवा, दमण व दीव विधानसभेची पहिली बैठक इथेच भरली. मुख्यमंत्री दयानंद बांदोडकर, पक्ष महाराष्ट्रवादी गोमंतक, आणि ध्येय गोवा महाराष्ट्रात विलीन करण्याचे. १९६५ मध्ये विलीनीकरणाचा ठराव याच वाड्यात मंजूर झाला. पुढे केंद्राने जनमत कौल घेतला. १६ जानेवारी १९६७ रोजी मतदान झाले. विलीनीकरणाला फूल, संघप्रदेशाला दोन पाने, अशा खुणा. दोन पानांना १,७२,१९१ मते पडली, फुलाला १,३८,१७०. चौतीस हजारांच्या फरकाने गोवा वेगळा राहिला.

म्हणजे गोवा महाराष्ट्रात यावा की नाही, मराठी इथली भाषा आहे की नाही, हा सारा वाद आदिलशहाच्या नावाच्या छपराखाली झाला. ४ फेब्रुवारी १९८७ रोजी राजभाषा विधेयक इथेच मंजूर झाले. देवनागरी कोकणी राजभाषा ठरली आणि मराठीलाही शासकीय कामात स्थान मिळाले. त्याच वर्षी ३० मे रोजी गोवा घटकराज्य झाले. भाषेच्या प्रश्नावर आम्हा उर्दू शाळेतल्या मराठी बोलणाऱ्या माणसांचे कान जरा जास्तच टवकारतात. घरात एक, शाळेत दुसरी, बाजारात तिसरी, आणि फॉर्मवर मातृभाषेचा रकाना मात्र एकच. गोव्यातही तेच: रोमी लिपीतली कोकणी लिहिणारे तेव्हा म्हणत होते आणि आजही म्हणतात की आमचे काय?

२००० मध्ये विधानसभा नदीपलीकडे पर्वरीच्या नव्या संकुलात गेली. जवळजवळ अडीचशे वर्षे सत्तेचे ठाणे असलेला वाडा प्रथमच रिकामा झाला. जुन्या गोव्याच्या वाड्यावर आली तीच वेळ. रिकाम्या वाड्याचे काय होते, हे ती काळी चौकट सांगतेच.

शासनाने वाड्याची दुरुस्ती हाती घेतली आणि तो प्रदर्शनांसाठी खुला करण्याचे ठरले. डिसेंबर २०१६ मध्ये उद्योगपती सुनीलकांत मुंजाल यांच्या प्रतिष्ठानाने सेरेंडिपिटी महोत्सव सुरू केला तेव्हा हा वाडा त्याचे एक मुख्य ठिकाण झाला. राज्य संग्रहालयातील वस्तूही पुढे काही काळ इथे मांडल्या गेल्या. जिथे फायली फिरत होत्या त्या दालनांत आम्ही पाहिले तेव्हा एका ठिकाणी छायाचित्रे होती, एका ठिकाणी कुंभारकाम, आणि एका अंधाऱ्या खोलीत नुसता आवाज: समुद्राचा. भाचा तिथून हलेना. प्रदर्शनातले सगळेच आम्हाला कळले असे म्हणणार नाही. एका दालनात दोऱ्या टांगल्या होत्या. आमच्या सहकारी मॅडम म्हणाल्या, ‘हे आमच्या अम्मीच्या अंगणातही आहे.’

जुनी इमारत दुरुस्त करणे हे नवी बांधण्यापेक्षा कठीण काम. गोव्यातील जुन्या भिंती जांभ्याच्या. जांभा सच्छिद्र, पावसाळ्यात पाणी पितो आणि उन्हात सोडतो. त्यावर चुन्याचा गिलावा असला तर ओल बाहेर पडते, भिंत श्वास घेते. सिमेंटचा गिलावा केला की ओल आत कोंडते, क्षार फुगतात आणि दोन-चार पावसाळ्यांत पापुद्रे सुटतात. आमच्या भागात जांभा नाही, विटा आणि माती आहे. पण रोग तोच. आमच्या ओळखीच्या एका जुन्या मशिदीला हौसेने सिमेंट आणि वर ऑइलपेंट केला. तिसऱ्या वर्षी मिंबरामागची भिंत फुगली. आता चुन्याची घाणी फिरवणारा कारागीर शोधायला गेलो तर एक म्हातारेबाबा सापडले. ते म्हणाले, ‘चुना भिजवून ठेवायला महिने लागतात. तुम्हाला तर ईदच्या आधी पाहिजे.’

अशी घरे वाचवण्याची धडपड साऱ्या जगात चालली आहे. ज्यांच्या बंगल्यांची आपल्याकडे नक्कल झाली त्या इंग्लंडात विसाव्या शतकात शेकडो जमीनदारी हवेल्या जमीनदोस्त झाल्या. वारसाकर वाढला, दोन महायुद्धांत वारस मेले, नोकर मिळेनात. १९७४ मध्ये लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयाने या पडलेल्या घरांवरच प्रदर्शन भरवले. ज्या वाचल्या त्यांतल्या काही कलेच्या आश्रयाने वाचल्या. डेव्हन परगण्यातील डार्टिंग्टन हॉलचे उदाहरण आपल्याला जवळचे वाटेल. चौदाव्या शतकाच्या अखेरीचा तो वाडा, मोठ्या दालनाचे छप्पर उडालेले. १९२५ मध्ये लेनर्ड आणि डॉरथी एल्महर्स्ट या दांपत्याने तो घेतला, छप्पर घातले, शाळा काढली, नाटक-नृत्य-संगीताला जागा दिली. हा लेनर्ड कोण? १९२२ मध्ये रवींद्रनाथांच्या हाताखाली सुरूल गावी ग्रामसुधारणेचे काम उभारणारा. बंगालच्या खेड्यात जे शिकला ते त्याने इंग्लंडच्या वाड्यात नेले.

डार्टिंग्टनला पैसा होता. डॉरथी अमेरिकेतल्या धनाढ्य घराण्यातली. पणजीच्या वाड्याला सरकार आहे. आमच्याकडे काय?

आमच्याकडे, सावनेरपासून थोड्या अंतरावरच्या एका खेड्यात, मालगुजाराचा वाडा होता. गावाचे आणि घराण्याचे नाव देत नाही. मालगुजारी संपली तशी माणसे नागपूरला गेली, काही त्याहून लांब. सागवानी खांब, मधे चौक, कवेलूचे छप्पर. आमचे अब्बा सांगत, त्यांच्या लहानपणी उर्स झाला की त्या चौकात रात्रभर कव्वाली आणि मुशायरा होई, आणि पहिल्या रांगेत गावचे पाटील, गुरव, कोष्टी असत. आम्ही स्वतः तिथे एकदाच गेलो, नोकरी लागली त्या वर्षी. चौकात बकऱ्या बांधलेल्या होत्या. तेव्हा मनात आले की इथे वाचनालय व्हावे, एक खोली मुलांना चित्रे काढायला मिळावी. चार लोकांना बोललो. सर्वांनी माना डोलावल्या. वारस सतरा, सह्या सतरांच्या, आणि कुणाचे कुणाशी बोलणे नाही. आमच्यातल्याच काही वडीलधाऱ्यांनी विचारले, ‘मास्तर, वाचनालयाचे भाडे किती येईल?’

गोव्याहून परत आलो आणि आम्ही पुन्हा तिकडे जायचे ठरवले. मोबाइलमध्ये पणजीच्या वाड्याची छायाचित्रे होती, ती दाखवून लोकांना पटवू असा विचार. परीक्षा आल्या, निवडणुकीची ड्यूटी आली. उन्हाळ्यात गेलो तोवर खांब विकले गेले होते. ट्रॅक्टरवर भरून नागपूरला गेले म्हणे. तिथे असले खांब हॉटेलवाले शोभेसाठी घेतात. भिंती पावसाची वाट पाहत होत्या.

वर्गात मात्र आम्ही आता आदिलशाहीचा तास दोन दिवस घेतो. पहिल्या दिवशी पुस्तक. दुसऱ्या दिवशी फळ्यावर दोन आकृत्या काढतो: एक नुसती चौकट, एक खिडक्यांची लांब इमारत. मुलांना सांगतो की ही दोन्ही एकाच माणसाची घरे. मुले विचारतात ते प्रश्न आमच्या भाच्याच्या प्रश्नाहून फार वेगळे नसतात. गेल्या वर्षी एका मुलीने विचारले, ‘सर, छप्पर पोर्तुगीजांचे, भिंती सरकारच्या, चित्रे कुणा दुसऱ्याची, मग आदिलशहाचे काय?’ दुसरी म्हणाली, ‘पत्ता.’

मालगुजाराच्या वाड्याच्या दोन खिडक्या आम्हाला वारसांपैकी एकांनी अशाच देऊन टाकल्या. शाळेच्या ग्रंथालयाला बसवायच्या आहेत. सुताराने त्या उलट्यापालट्या करून पाहिल्या. एका चौकटीला खालून वाळवी लागली आहे. अर्धे लाकूड बदलावे लागेल, तो म्हणाला, आणि नवे सागवान परवडणार नाही, बाभूळ चालेल का? चालेल म्हणालो.